गवती चहाचं तेल: भांडं केवढं, जाळ कसला?

प्रश्न: परसात गवती चहा भरपूर आहे. घरीच तेल काढायचंय. भांडं 10 लिटरचं घेऊ की 50? गॅस बरा की चूल?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: ताई, 20 लिटरचं स्टीलचं घ्या. 10 लिटरमध्ये तेल इतकं थोडं निघतं की ते वाफ थंड करणाऱ्या नळीलाच चिकटून राहतं. 50 लिटरला घरगुती शेगडी पुरत नाही. 20 लिटरमध्ये तीनेक किलो पाती बसते. वरचा तिसरा हिस्सा वाफेसाठी मोकळा सोडा. दहा-बारा मिली तेल मिळालं तर समाधान माना.

जाळाचं मात्र नीट ऐका. चुलीवर बूड तापतं, पाती तळाला लागते आणि तेलाला करपट वास येतो, तो काही केल्या जात नाही. म्हणून पाण्याच्या वर भोकांची जाळी बसवा, पाती तिच्यावर. गॅस उत्तम: उकळी आली की आच मंद. तांब्याचं भांडं साध्या इंडक्शनवर तापत नाही, हेही ध्यानात असू द्या.

वाफेची नळी कधीही तुंबू देऊ नका आणि भांडं सोडून उठू नका. अन् कुणी याच भांड्यात दारू गाळू म्हणालं तर स्पष्ट नकार द्या. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.