राजदूत ३५० घ्यायची तर कोणती?

भाऊ, या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या दोन आवृत्त्यांपैकी माझं मत विचारशील तर आधीची हाय टॉर्कच. १९८३ साली आली तेव्हा ३०.५ हॉर्सपॉवर होती. नंतरची लो टॉर्क २७ च्या आसपास, मायलेजसाठी दम कमी केलेली. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तो फरक मनगटाला कळतो.

पण नुसत्या नावावर भाळू नकोस. आधी ऑइल पंप, म्हणजे इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा पंप, चालू आहे का ते बघ. पुष्कळांनी तो काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायची सोय केलेली असते. मिश्रण चुकलं, की जळगावच्या मे महिन्यात पिस्टन जाम झालाच समज. इंजिन नंबर आरसीशी जुळव. ब्रेक दोन्हीकडे ड्रमच आहेत, तेव्हा उतारावर अंतर ठेव. पंपासकट चांगली लो टॉर्क मिळाली, तर खुशाल घे.