नक्षीचे चौकोन जोडताना

अगं, गोधडीचे चौकोन भरतकामाने भरून झाले म्हणून लगेच मशीनवर बसू नकोस. आधी प्रत्येक मापून बघ. भरतकामाने कापड आवळतं, १२ इंचाचा चौकोन पावणेबाराच भरतो. सगळ्यात लहान असेल त्याच्या मापाने बाकीचे काप. कडेपासून अर्ध्या इंचात मणी-टिकल्या आल्या असतील तर उसवून ठेव, जोडल्यावर परत लाव. मी एकदा आळस केला. मण्यावर सुई मोडली आणि तुकडा थेट चष्म्यावर! शिवण पाव इंचाची, मशीनला चेन लावायचा फूट (कापड दाबणारा अरुंद पाय) घालून. इस्त्री उलट बाजूने, खाली जाड टॉवेल. वरून टिपा मारायच्या फंदात पडू नकोस, नक्षी चेपते. अस्तर लावून कोपऱ्या-कोपऱ्यावर मागून दोऱ्याच्या गाठी मार, पुरे. काठाची पट्टी शेवटी.