कडबाकुट्टीचे नट सारखे ढिले होतात, कोणता वॉशर टाकावा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की कडबाकुट्टीच्या मोटारीच्या बोल्टला प्लेन (सपाट चकती) आणि स्प्रिंग (एका जागी कापलेली, पिळलेली कडी) असे दोन्ही वॉशर टाकलेत, तरी नट ढिले होतात. मी जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलच्या मशिनी बसवतो, तिथल्या हलत्या चाळण्यांना हाच त्रास असतो. नट धरून ठेवतो तो बोल्टमधला ताण. वॉशरचं काम तो ताण नीट पसरवायचं.

एम-१० चा, म्हणजे १० मिमी जाडीचा, ८.८ ग्रेडचा (डोक्यावर ८.८ कोरलेला, मजबूत पोलादाचा) बोल्ट व्यवस्थित आवळला की त्यात अडीच टनांच्या आसपास ताण येतो. स्प्रिंग वॉशर त्याच्या कितीतरी आधीच चपटा होतो आणि पुढे साध्या वॉशरसारखा नुसता बसून राहतो. जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली दाखवून दिलं, की आडव्या हादऱ्यांनी जोड जरा जरी सरकायला लागली तरी आटे आपोआप सुटत जातात. पट्ट्याच्या ओढीने तुमची मोटार आडवीच हलते.

आता मोटारीचा पाया बघा. पट्टा ताणता यावा म्हणून तिथे लांबट भोकं असतात. वजनावर मिळणारा पातळ वॉशर त्या भोकात वाकतो आणि ताण गेलाच. एम-१० चा प्रमाणित प्लेन वॉशर २० मिमी रुंद, २ मिमी जाड असतो. लांबट भोकावर त्याहून रुंद आणि निदान ३ मिमी जाडीचा टाका. वॉशरखालचा रंग खरवडा, तो दबला तरी जोड सैल पडते. वर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) लावा. तासभर मशीन चालवून, मेन स्विच बंद करून, परत पाना फिरवा. पात्याचे बोल्ट मात्र कंपनीने दिलेल्याच ग्रेडचे घ्या, तिथे हाताच्या बोटांचा प्रश्न आहे.

बाकीचे वॉशर कुठे लागतात तेही विचारलंत. अर्थिंगला स्टार वॉशर (दातेरी कडेचा), त्याचे दात रंग कापून धातूला भिडतात. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला जोडताना बायमेटॅलिक (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम), नाहीतर जोड गंजून तापते. ट्रॅक्टरच्या ऑइल प्लगला तांब्याचा. तो दाबून कडक होतो, म्हणून दरवेळी नवा. लोखंडी चॅनेलच्या उताराच्या बाजूवर टेपर वॉशर (एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ) हवाच, नाहीतर बोल्ट वाकडा ओढला जातो.

गोठ्याच्या पत्र्याकडेही बघून घ्या. आपल्याकडच्या उन्हात साधं रबर लवकर तडकतं. ईपीडीएम रबराचा (ऊन-पावसात टिकणारं कृत्रिम रबर) वॉशर घ्या, भोक पन्हाळीच्या उंचवट्यावर पाडा, आणि रबर जरासं फुगेल एवढंच आवळा. जास्त पिळलं तर ते फाटतं, आणि पहिल्याच पावसात पाणी कडब्यावर.