बाबांची तलावपाळी बंद करू नका

प्रश्न : आई गेल्यावर बाबांना (वय 74) नौपाड्यातून घोडबंदर रोडला आमच्याकडे आणलं. घरात ते गप्प असतात, जेवताना नुसतं हं हं करतात, टीव्ही मात्र मोठ्याने लावतात. रोज सकाळी बस पकडून तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, जातात. तिथे जुन्या ओळखीच्या एक काकू येतात, त्यांचेही यजमान गेलेत. दोघं सोबत चहा पितात. त्यावरून नातेवाईक माझे कान भरतात. सोसायटीत ज्येष्ठांचा कट्टा असताना ही दगदग कशाला? थांबवू का त्यांना?
– एक मुलगी, ठाणे

उत्तर : ताई, थांबवू नका.

बाबांचं जेवणखाण, औषधं तुम्ही नीट बघत असणार, याबद्दल मला शंका नाही. पण नौपाडा सुटला तशी त्यांची माणसंही मागे राहिली. सोसायटीच्या कट्ट्यावर ते कुणाचे तरी आजोबा आहेत. तलावपाळीला त्यांना नावाने हाक मारणारे, गुडघ्याची चौकशी करणारे, तुमच्या आईला ओळखणारे लोक भेटतात. आईचा विषय त्यांना कुणाशी तरी काढावासा वाटत असेल, आणि तुमच्यासमोर काढला तर तुम्ही रडाल म्हणून ते गप्प बसत असतील. हे एकदा मनात आणून बघा.

काकूंचं म्हणाल, तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी मैत्रीण असण्यात आईचा कसलाही अपमान नाही. नातेवाईकांना सांगा, ‘आम्हाला माहीत आहे आणि चालतं.’ एवढं पुरे. बाबांची उलटतपासणी घेऊ नका. काकूंना एखाद्या रविवारी जेवायला बोलवा. पुढे दोघांनी लग्नाचं काढलंच, तर विशेष विवाह कायद्यानुसार 30 दिवसांची नोटीस देऊन ते करता येतं. फक्त काकूंना यजमानांचं कुटुंब निवृत्तिवेतन असेल तर पुनर्विवाहानंतर ते बंद होऊ शकतं, ते आधी विचारून घ्यावं. पण आज तो विषय तुम्ही काढायचा नाही.

प्रवासाची काळजी रास्त आहे. सकाळची गर्दी ओसरल्यावर निघायला सांगा, खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. भर पावसात तलावाकाठी बसणं होत नाही; तेव्हा 1893 पासून चालू असलेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे जाऊन बसता येईल.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. मोठ्या आवाजातला टीव्ही आणि जेवतानाचं हं हं. बाबांना कमी ऐकू येत असावं. समोरासमोर एकट्याशी बोलताना निभावतं, पण घरात चौघं एकदम बोलायला लागले की काही कळत नाही, आणि माणूस ‘काय? काय?’ करण्यापेक्षा गप्प राहणं पत्करतो. आपण समजतो, रुसलेत. 2024 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे आणि बदलता येण्याजोगे 14 घटक सांगितले, त्यांत कमी ऐकू येणं आणि माणसांपासून तुटणं हे दोन्ही आहेत. त्यांतल्या दुसऱ्या घटकाची काळजी बाबा स्वतःच घेताहेत. पहिल्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या.