फोर्ड ई-३५० व्हॅनला फोर-व्हील ड्राइव्ह बसवता येते का?

होय, अमेरिकेतील जुन्या ई-३५० व्हॅनची पुढची चाकेही इंजिनाच्या जोरावर फिरवता येतात. या व्हॅनला स्वतंत्र चासी (खालचा सांगाडा) असल्याने पुढचे ट्विन आय-बीम सस्पेन्शन (प्रत्येक पुढच्या चाकासाठी वेगळी तुळई असलेली रचना) काढून तेथे एफ-३५० ट्रकचा अखंड फ्रंट ॲक्सल (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा आस) बसवता येतो. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या ॲक्सलकडे वाटणारी पेटी) जोडावी लागते आणि त्यामुळे मागचा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा फिरता दांडा) आखूड करून पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो. माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष गिअर गुणोत्तराकडे (चाकाच्या एका फेरीसाठी शाफ्ट किती वेळा फिरतो, त्या प्रमाणाकडे) द्यावे, कारण दोन्ही ॲक्सलचे गुणोत्तर जुळत नसेल तर फोर-व्हील ड्राइव्ह लावताच ते एकमेकांविरुद्ध ओढू लागतात व ट्रान्सफर केसवर घातक ताण येतो. गाडीची उंचीही वाढते, म्हणून ब्रेकचे होस (लवचिक नळ्या) लांब घ्यावेत आणि वळणावर वेग आवरावा.