व्होल्ट, अँपिअर, वॅट आणि युनिट यात नेमका फरक काय?

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी जितकी उंच तितका नळाला जोर जास्त, तो जोर म्हणजे व्होल्ट. पाइपातून दर सेकंदाला किती पाणी वाहतंय ते अँपिअर, आणि पाइप बारीक असला की पाणी अडतं ना, तो अडथळा म्हणजे ओहम. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, बास.

आता घरातलं बघू. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट येतात आणि गिझर असतो साधारण 2000 वॅटचा, म्हणजे 2000 भागिले 230, जवळजवळ 8.7 अँपिअर. म्हणूनच तो 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटला अ‍ॅडॉप्टर लावून अजिबात चालवू नका, त्याला 16 अँपिअरचंच सॉकेट लागतं नाहीतर वायर तापते, प्लास्टिक वितळतं आणि आग पण लागू शकते, हे मी अगदी कळकळीने सांगतोय कारण लोक सर्रास करतात असं.

युनिट म्हणजे 1000 वॅट एक तास. हाच गिझर अर्धा तास चालला की एक युनिट पडलं, पण 9 वॅटचा एलईडी बल्ब तेवढ्याच युनिटमध्ये 111 तास जळतो, त्यामुळे बिल कमी करायचं तर बल्बच्या आधी गिझरकडे बघा.

आणि हो, एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, वायरिंगला वाचवतो, पण माणसाला शॉकपासून वाचवायला आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट कुठे गळतोय हे कळताच वीज तोडणारा स्विच, 30 मिलीअँपिअरचा. अर्थिंग पण नीट आहे ना ते वायरमनकडून तपासून घ्या.