आयसीयूतली दोन वर्षं वाया जात नाहीत

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सी नर्सिंग झाली असून आठ महिन्यांपासून खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. अमेरिकेत ट्रॅव्हल नर्स म्हणून १३-१३ आठवड्यांची कामं घेतली तर भरपूर पैसा मिळतो, असं नात्यातल्या एकांकडून कळलं. एका एजंटने चार लाख सांगितले आहेत, त्यातले पन्नास हजार भरले. पण मुलगी म्हणते, आधी आणखी दोन वर्षं इथेच आयसीयूत काढते. मुळात ती भित्री आहे. तिला तयार कसं करावं? – एक पालक

उत्तर : तुमच्या पत्रात पगार आहे, एजंट आहे, नातेवाईक आहेत. मुलगी येते ती शेवटी, आणि तीही भित्री म्हणून. मला काळजी वाटली ती याच शब्दाची.

आठ महिने आयसीयूत नाईट करणारी मुलगी भित्री कशी असेल? रात्री तीन वाजता व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला, की डॉक्टर पोचेपर्यंत पेशंटजवळ तीच असते. बीपी घसरलं तर औषधाच्या पंपाचा वेग पाहायचा, श्वासनळीतला कफ नळीने ओढून काढायचा (सक्शन), नातेवाइकांना बाहेर थांबवायचं आणि हे सगळं वेळेसकट चार्टवर लिहायचं, तेही तीच करते. अशी मुलगी जेव्हा ‘मला अजून दोन वर्षं हवीत’ म्हणते, तेव्हा तिला कामाचा अंदाज आलेला असतो. घरात या विषयातलं कळणारी ती एकटीच आहे आणि नेमकं तिलाच कोणी विचारलेलं नाही. पन्नास हजार भरण्यापूर्वी तिला सांगितलं होतंत का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही.

आता गैरसमजाकडे. ट्रॅव्हल नर्सिंग म्हणजे परदेशी जाण्याचा सोपा दरवाजा, असं तुम्ही धरून चालला आहात. हे काम शिकाऊ नर्ससाठी नाहीच. अमेरिकेतल्या एखाद्या हॉस्पिटलमध्ये माणसं कमी पडतात, तेव्हा एजन्सीमार्फत काही आठवड्यांपुरती तयार नर्स मागवली जाते. तयार म्हणजे त्याच विभागात निदान एक-दोन वर्षं आणि अलीकडेच काम केलेली. बऱ्याच एजन्सी तर तो अनुभव अमेरिकेतलाच मागतात. हॉस्पिटलची ओळख करून द्यायला एखाद-दोन शिफ्ट मिळतात. त्यानंतर अनोळखी वॉर्ड, अनोळखी सहकारी, कॉम्प्युटरवरचं अनोळखी चार्टिंग आणि बारा तासांची ड्युटी. क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषध-उपकरणांची ट्रॉली, कुठे ठेवलीय हे पहिल्या दिवशीच माहीत असावं लागतं. दुसऱ्या वॉर्डात माणूस कमी पडला, तर बहुतेक ठिकाणी बाहेरून आलेल्या नर्सला आधी तिकडे पाठवतात. हाताशी इन्चार्ज सिस्टर आहे, चुकलं तर ती सांभाळून घेईल, अशी सोय नसते. तुमची मुलगी जी दोन वर्षं मागते आहे, ती या कामाची प्रवेश फी आहे. तुम्ही मात्र ती एजंटला देताय.

दुसरी अडचण व्हिसाची. तेरा आठवड्यांच्या कामासाठी भारतातून नर्स बोलवायचा वेगळा व्हिसा नाही. साध्या वॉर्ड नर्सिंगला एच-१बी, म्हणजे तज्ज्ञ नोकऱ्यांसाठीचा तात्पुरता व्हिसा, सहसा लागू होत नाही. भारतातल्या नर्सचा नेहमीचा रस्ता म्हणजे ईबी-३, अर्थात नोकरीच्या आधारे मिळणारं ग्रीन कार्ड. नर्सची तिथे टंचाई मानली जाते, त्यामुळे कागदपत्रांचा एक टप्पा वाचतो, पण भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून जुन्या अर्जांवरच अडकलेली आहे. तिथे पोचल्यावरही आणणाऱ्या कंपनीशी साधारण दोन-तीन वर्षांचा करार असतो आणि तो मोडला तर पैसे भरावे लागू शकतात. मनाला येईल त्या राज्यात फिरण्याचं स्वातंत्र्य त्याच्या पुढचं. तुमच्या एजंटने यातलं काही सांगितलं का?

अमेरिकेत नर्सचा परवाना मिळवायला द्यावी लागणारी परीक्षा म्हणजे एनसीएलईएक्स-आरएन. तिच्याबद्दल थोडक्यात : ८५ ते १५० प्रश्न, पाच तास, परीक्षा भारतातूनही देता येते. व्हिसासाठी कागदपत्रांची पडताळणी आणि इंग्रजीची परीक्षा वेगळी. काही राज्यांनी आपसात करार केल्यामुळे त्या सगळ्यांत चालणारा एकच परवाना असतो हे खरं, पण तो त्या करारातल्या राज्याच्या रहिवाशालाच मिळतो, आणि कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क त्या करारात नाहीत.

पगाराचंही बोलू, कारण पत्राचा जीव त्यातच आहे. नात्यात ऐकलेला आठवड्याचा आकडा कोणत्या वर्षातला आहे, हे विचारून घ्या. कोविडच्या काळात हे दर आभाळाला भिडले होते, नंतर ते उतरले. शिवाय त्या आकड्यात तासाचा पगार आणि राहण्या-जेवणाचा भत्ता एकत्र मोजलेला असतो. भत्त्यावर कर लागत नाही, पण ही सवलत अशांनाच, ज्यांचं अमेरिकेतच दुसरीकडे कायमचं घर आहे आणि त्याचा खर्चही चालू आहे. नुकत्याच आलेल्या मुलीला असं घर कुठलं? तिला तो भत्ताही करपात्र. पेशंट कमी असले की शिफ्ट रद्द होते, म्हणून किती तासांचे पैसे नक्की मिळणार हे करारात लिहून घ्यावं लागतं. दोन कामांच्या मधल्या काळात पगार नाही, कित्येकदा आरोग्य विमाही नाही.

यापुढचं मुलीला वाचायला द्या.

ताई, तू मागतेस ती दोन वर्षं नुसती भरू नकोस. शक्य असेल तर एकाच आयसीयूत टिकून राहा, सारखी हॉस्पिटलं बदलू नकोस. बीएलएस आणि एसीएलएस हे जीव वाचवण्याच्या तातडीच्या उपचारांचे प्राथमिक आणि पुढचे कोर्स अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मान्य केंद्रातूनच कर आणि त्यांची मुदत संपू देऊ नकोस. कोणती उपकरणं, कोणत्या प्रोसिजर तू स्वतःच्या हाताने केल्यास, त्याची वही ठेव. एजन्सीच्या स्किल्स चेकलिस्टवर हेच विचारतात आणि तिथे खोटं लिहिणं पेशंटच्या जिवावर बेततं. इन्चार्ज सिस्टरकडून अनुभवाचं पत्र नोकरी सोडताना घ्यायचं म्हणून थांबू नकोस. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेव. परदेशच हवा असेल तर जर्मनी आणि ब्रिटनही पाहा. जर्मनीसाठी जर्मन भाषा बी-२ या पातळीपर्यंत शिकायची तयारी हवी, ब्रिटनला सीबीटी ही कॉम्प्युटरवरची आणि ओएससीई ही प्रात्यक्षिकाची परीक्षा. आणि परदेश नकोच असेल, तर क्रिटिकल केअरमध्ये एमएस्सी करून इथेच थांबणं हाही पर्याय आहे. तो कमी प्रतीचा नाही, घरात कोणी काहीही म्हणो.

पुन्हा तुमच्याकडे वळतो, काका. तो एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, ते आजच तपासा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. तुम्ही त्याहून जास्त आधीच देऊन बसला आहात. उरलेले साडेतीन लाख देऊ नका. दिलेल्या रकमेची पावती लेखी मागा, मुलीचं मूळ प्रमाणपत्र त्याच्याकडे असेल तर ते आधी परत घ्या. तो टाळाटाळ करू लागला, तर त्याच पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोलिसांतही जा.